ता.क.मधला खिळा

‘ताई, नमस्कार. मी वर्तकनगरला राहतो, वय ४४, नोकरी महापेला. गेल्या महिन्यात घोडबंदर रोडच्या घाणेकर नाट्यगृहात आम्ही जादूचे प्रयोग बघायला गेलो होतो. मी, बायको, दहा वर्षांची लेक, आई, सासूबाई आणि साडूंकडचे सगळे. शेवटच्या आयटमला जादूगाराने विजेवर फिरणारी मोठी गोल करवत आणली. आधी तिच्याखाली लाकडाचा ओंडका कापून दाखवला. मग एका मुलीला उघड्या टेबलावर झोपवलं. पेटी नाही, पडदा नाही. पातं तिच्या पोटातून आरपार गेलं आणि मुलगी उठून हसत नमस्कार करून आत गेली.

तेव्हापासून घरात शांतता नाही. साडू म्हणतात, आरसे. सासूबाई म्हणतात, आख्ख्या सभागृहाला संमोहित केलं. आई म्हणते, त्या माणसाला सिद्धी आहे. मी विज्ञानाचा माणूस; माझ्या मते टेबल दिसतं त्यापेक्षा जाड आहे, आणि हे मी तिथंच, प्रयोग चालू असताना जरा मोठ्याने म्हणालो. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. लेक तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही. नंतर मागच्या दाराशी टेम्पोत सामान चढवत होते, तिथे टेबलाचा फोटो काढायला गेलो, तर त्यांच्या पोराने वर ताडपत्री टाकली. साडूंनी मोबाइलवर शूटिंग केलंय, त्यातही पातं आरपार जाताना दिसतं. आमची पाच हजारांची पैज लागली आहे. सोसायटीच्या गणपतीत अर्धा तास ‘करवतीचा पर्दाफाश’ असा कार्यक्रम ठेवायचा माझा विचार आहे. बायको म्हणते, सोडून द्या. आमच्यात बरोबर कोण? आणि कार्यक्रम करू का?

– एक चिकित्सक, ठाणे

ता.क. जादूची एवढी हवा झालीय की साडूंचा तेरा वर्षांचा मुलगाही त्याच गणपतीत आयटम करणार आहे. चार कागदी कप, एकाखाली उभा खिळा, उरलेले तीन तळहाताने चपटे करायचे. मोबाइलवर बघून शिकलाय.’

*

चिकित्सक महोदय,

आधी साडूंना फोन करा. पैजेबद्दल नाही, खिळ्याबद्दल. पोराकडून तो खिळा काढून घ्या आणि मग हे उत्तर वाचायला बसा. ज्या करवतीसाठी तुम्ही पत्राची दोन पानं खर्च केलीत ती गमतीची गोष्ट आहे. गंभीर काय ते ता.क.मध्ये दोन ओळींत उरकलंत.

केलात फोन? आता करवत.

मला यातलं थोडंफार कळतं, कारण माझा मामा जादूचे प्रयोग करायचा. दिवसा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर, आणि सुट्टीच्या दिवशी लग्न, मुंजी, शाळांची स्नेहसंमेलनं. सामान सगळं स्वतः बनवायचा. त्याच्याकडेही करवतीचा आयटम होता, साधा, पेटीचा. त्या पेटीत मी असायचे. नवव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत. मग माझी उंची वाढली आणि नोकरी गेली. पहिल्या प्रयोगाआधी मामाने मला कौपीनेश्वराच्या पायरीवर नेऊन शपथ घ्यायला लावली होती, ती मी अजून पाळते. तेव्हा माझ्याकडून टेबलाची जाडी कळेल अशी आशा ठेवू नका.

कळव्याच्या एका शाळेतला प्रयोग मला चांगला आठवतो. मी पेटीत, बाहेर मामाची करवत घासतेय, आणि अंधारातून एका गृहस्थांचा आवाज आला, “पाय खोटे आहेत!” मामाने करवत थांबवली, त्यांना आदराने वर बोलावलं आणि ते पाय त्यांच्या हातात दिले. पाय लाथा झाडायला लागले, सभागृह हसून लोळलं, गृहस्थ खाली उतरले ते मान खाली घालूनच. ते पाय माझे होते की नव्हते, हेसुद्धा मी सांगणार नाही. त्या माणसाचा अंदाज बरोबर असेल किंवा चूक असेल, पण तो बोलला कधी? मामाला हवं होतं नेमकं तेव्हा. तुमच्या ‘टेबल जाड आहे’मुळे तुमच्या जादूगाराचाही घामबिम निघाला नसणार, एवढं खात्रीने सांगते.

सासूबाईंचं संमोहन आधी निकालात काढू, कारण घराघरांत सगळ्यात सभ्य वाटणारं उत्तर तेच असतं. सिद्धी म्हटलं की लोक हसतात. संमोहन म्हटलं की माना डोलावतात, शब्द शास्त्रीय वाटतो ना! पण संमोहनाला समोरच्याची तयारी लागते, निवांतपणा लागतो, आणि ते सगळ्यांवर सारखं चालत नाही. कोणी वेफर्सची पुडी फोडतंय, कोणी पोराला शू लागली म्हणून उठतंय, असं आख्खं नाट्यगृह एका क्षणात एकच खोटं दृश्य बघायला लागेल, हे होत नाही. शिवाय साडूंच्या शूटिंगमध्येही तेच दिसतंय म्हणता. मोबाइलला कोणी संमोहित केलं?

या समजुतीची वंशावळ मोठी मजेची आहे. १८९० मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या अमेरिकी वर्तमानपत्रात एक बातमी आली. दोन तरुण हिंदुस्थानात गेले, एका फकिराने हवेत दोर उभा केला आणि त्यावर पोरगा चढवला. एकाने ते चित्रात काढलं, दुसऱ्याने फोटो घेतले. चित्रात दोर होता, पोरगा होता. फोटोंमध्ये मात्र नुसता जमिनीवर बसलेला फकीर. म्हणजे फकिराने सगळ्या गर्दीला संमोहित केलं होतं! चार महिन्यांनी त्याच वर्तमानपत्राने कबूल केलं की सगळं बनावट होतं. त्यातल्या एका तरुणाचं नावसुद्धा ‘जास्त खपवा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर केलेली कोटी होती. पण तोवर गोष्ट जगभर फिरली होती, खुलासा मागेच राहिला. आपल्याच देशाबद्दल अमेरिकेतल्या एका बातमीदाराने रचलेली थाप आपल्या सासूबाईंपर्यंत ज्ञान म्हणून पोचावी, याला काय म्हणायचं!

साडूंचे आरसे अगदीच टाकाऊ नाहीत. १८६०च्या दशकात लंडनच्या रंगमंचावर काचेच्या आणि आरशांच्या जोरावर भुतं नाचवली गेली आहेत, टेबलावर नुसती मुंडकी बोलवली गेली आहेत. साडूंना एवढंच विचारा की जादूगार त्या टेबलाच्या मागून फिरला का, आणि फिरला असेल तर त्याचे पाय दिसत होते का. शूटिंग त्यांच्याकडेच आहे.

आईशी वाद घालू नका. चहा पिताना सहज म्हणा, “आई, सिद्धी असलेल्या माणसाला टेम्पो आणि ताडपत्री कशाला लागते गं?” आणि विषय बदला. उत्तराची वाट बघू नका.

राहिलं तुमचं टेबल. माझं भांडण खरं तर तुमच्याशीच आहे. तुम्ही दोन प्रश्नांची गाठ मारून ठेवली आहे. ही जादू आहे की हातचलाखी, हा एक प्रश्न. हातचलाखी असेल तर ती नेमकी कशी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देण्यासाठी दुसऱ्याचं यावंच लागतं असं नाही. तुम्हाला मात्र वाटतं की जाडी सिद्ध केली नाही तर विज्ञान हरलं. उद्या त्या जादूगाराने तुम्हाला बोलावून फूटपट्टीने मोजून पातळ टेबल दाखवलं तर? मग आईची सिद्धी जिंकली का? ‘कसं केलं ते मला ठाऊक नाही, आणि तरीही ती हातचलाखीच आहे,’ हे वाक्य तुम्हाला घरच्यांसमोर म्हणता आलं पाहिजे. महापेच्या ऑफिसात मशीन बंद पडलं तर कारण कळेपर्यंत तुम्ही ‘भूतबाधा’ असं रजिस्टरमध्ये लिहीत नाही ना? आणि कारण तपासायच्या आधीच ‘बेअरिंग गेलंय’ असंही लिहीत नाही.

ओंडक्याचंच घ्या. तुम्ही सगळ्यांनी तो पुरावा म्हणून मोजलेला दिसतो. पण ओंडका कापला, त्यावरून पातं खरं आहे एवढंच कळतं. मुलगी झोपली तेव्हा पातं त्याच वाटेने, तेवढ्याच खोलीवर गेलं का, हे त्यातून कळत नाही. ओंडका कापतात तो यासाठीच, की पुढचं तपासायचं प्रेक्षकाने विसरावं. आणि तुम्ही विसरलात.

पैज लावायचीच असेल तर अशी लावा. साडूंचं शूटिंग बाजूला ठेवा. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या खोलीत बसून लिहायचं: मुलगी टेबलावर स्वतः चढली की तिला उचलून ठेवलं? तिच्या कमरेवर पट्टा किंवा फळी होती का? करवतीवर पत्र्याचं झाकण होतं का? ओंडका आधी कापला की नंतर? पातं गेलं तेव्हा जादूगार कुठल्या बाजूला उभा होता? मग कागद एकत्र वाचा. सगळ्यांचं जुळलं तर मला कळवा, मी पाच हजार देते. १९९६ मध्ये दोन ब्रिटिश संशोधकांनी त्या दोराच्या खेळाच्या प्रत्यक्षदर्शींच्या हकिकती तपासल्या होत्या. बघणं आणि सांगणं यांत जितकी जास्त वर्षं गेली होती, तितका खेळ जास्त अचाट झाला होता. तुमच्या करवतीला तर महिनाच झालाय. दिवाळीपर्यंत मुलीचे दोन तुकडे वेगवेगळ्या विंगांतून बाहेर पडलेले असतील.

आता खिळा.

‘ही ट्रिक आहे’ म्हटलं की आपण लगेच त्याच्यापुढे ‘म्हणजे धोका नाही’ असं जोडतो. तुमच्या साडूंच्या घरात हेच झालं असणार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि त्याचं उदाहरण मी आयुष्यभर मनात बाळगून आहे, कारण मामाने ते मला पेटीत शिरायच्या आधी सांगितलं होतं.

लंडनमध्ये चुंग लिंग सू नावाचा ‘चिनी’ जादूगार होता. मूळचा अमेरिकन, खरं नाव विल्यम रॉबिन्सन. रंगमंचावर इंग्रजी बोलायचाच नाही. त्याचा शेवटचा आयटम बंदुकीच्या गोळ्या झेलण्याचा. प्रेक्षकांनी खूण केलेल्या गोळ्या, समोर बंदूकधारी, आणि हा हातात बशी घेऊन उभा. बंदुका नळीच्या तोंडाकडून भरायच्या. नळीखाली दारू ठासायचा गज ठेवायची जागा असते, तिच्यात त्याने दुसरी गुप्त नळी केली होती. चाप ओढला की ठिणगी त्या खालच्या नळीत जायची, तिथे नुसती दारू. आवाज, धूर सगळं खरं. वरच्या नळीतली गोळी जागची हलायची नाही. प्रयोगानंतर ती गोळी बाहेर काढायला तो बंदुकीचा मागचा स्क्रू उघडायचा. वर्षानुवर्षं उघडून-लावून त्याचे आटे झिजले, दारूची भुकटी फटीतून झिरपत राहिली. २३ मार्च १९१८ च्या रात्री ठिणगी वरच्या नळीतही पोचली. गोळी छातीत. तो इंग्रजीत ओरडला, पडदा पाडा म्हणून. दुसऱ्या दिवशी गेला. चौकशीत बंदुकांच्या जाणकाराने हे सगळं उलगडून दाखवलं आणि अपघाती मृत्यू असा निर्णय झाला. तरी लोक म्हणत राहिले: आत्महत्या असेल, घातपात असेल. खरं कारण झिजलेला स्क्रू, हे कुणाला पुरेसं नाट्यमय वाटेना.

मामा फिटर होता, म्हणून त्याला या गोष्टीतला स्क्रूच दिसायचा. प्रत्येक प्रयोगाआधी तो पेटीच्या बिजागऱ्या, खिळे, कड्या हात फिरवून तपासायचा आणि मग मला विचारायचा, “आज बरं वाटतंय ना?” नाही म्हटलं तर आयटम रद्द. दोनदा झाला, एकदा तर मला नुसता कंटाळा आला होता.

आपल्याकडचं ताजं उदाहरण घ्या. जून २०१९ मध्ये कोलकात्याचे चंचल लाहिरी, ‘मँड्रेक’ नावाने प्रयोग करणारे, साखळ्या-दोरांनी बांधून हुगळीत उतरले आणि वर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मृतदेह मिळाला. शिकलेला, अनुभवी माणूस. सुटकेची युक्ती असणार, पण नदीला युक्ती कळत नाही.

आणि आता नेमका तुमचा आयटम. २०१६ मध्ये पोलंडच्या टीव्हीवर सकाळच्या थेट कार्यक्रमात एका जादूगाराने कागदी पिशव्या ठेवल्या, एकीत उभा खिळा. सूत्रसंचालिकेचा हात धरून त्याने पिशवीवर आपटला. खिळा तिच्या तळहातात घुसला. धंद्यातला माणूस, सरावलेला, कॅमेऱ्यांसमोर. तुमच्या साडूंचा मुलगा तेरा वर्षांचा आहे, समोर ढोल-ताशा वाजणार, माईकमधून नाव पुकारणार, टाळ्या पडणार, आणि ऐनवेळी कोणीतरी ‘काका’ टेबल जरासं सरकवणार. खिळा कोणत्या कपाखाली आहे हे त्याला माहीत असतं, हे मान्य. विसरण्यासाठी माहीत असावंच लागतं. तळहातात बोटांच्या शिरा, नसा एकमेकींना चिकटून असतात; वहीवर पेन धरायचा हात असतो तो. मोबाइलवर ज्याचा हात वाचला त्याचाच व्हिडिओ त्याला दिसला.

पोराला रागावू नका. त्याची हौस चांगली आहे. साडूंना मात्र रागावलात तरी चालेल, माझं नाव सांगा.

तुमचा ‘पर्दाफाश’? करू नका. पहिलं कारण अगदी व्यवहाराचं: तुम्ही शंभर वर्षं उशिरा पोचताय. बाई कापायचा हा खेळ सेल्बिट नावाच्या जादूगाराने १९२१ मध्ये लंडनला केला. अमेरिकेत होरेस गोल्डिन याने आपल्या पेटीचं १९२३ मध्ये पेटंटच घेतलं. पेटंट म्हणजे रहस्य सरकारी दप्तरात आकृतीसकट लिहून देणं! पुढे एका सिगारेट कंपनीने तेच रहस्य जाहिरातीत छापलं, गोल्डिन कोर्टात गेला आणि १९३८ मध्ये हरला. गोल करवतीचा, पेटीशिवायचा खेळही त्यानेच गाजवला. म्हणजे ज्याला बघायचंय त्याला पेटीची आकृती कधीपासून उघडी आहे, आणि तरी १९५६ मध्ये पी. सी. सरकार यांनी बीबीसीवर दीप्ती डे या सतरा वर्षांच्या मुलीला करवतीखाली घेतलं, वेळ संपली म्हणून निवेदकाने कार्यक्रम घाईने बंद केला, तेव्हा मुलगी मेली समजून लोकांनी फोनवर फोन केले. मुलगी ठणठणीत होती. रहस्य ठाऊक असण्याने खेळ मरत नाही. मरतो तो त्या टेबलावर झोपणाऱ्या मुलीचा महिन्याचा पगार.

दुसरं कारण. तिकीट काढून, ‘जादूचे प्रयोग’ अशी पाटी लावून जो फसवतो, त्याने आधीच सांगितलेलं असतं की मी फसवणार आहे. त्याच्याइतका सरळ माणूस शोधून सापडणार नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा ज्यांच्यासाठी आहे ते वेगळे. चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणारे, घाबरवणारे. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं चमत्कारांचं सादरीकरण करत आले ते बाबा-बुवांचे चमत्कार उघडे पाडायला. तुमच्या जादूगाराने मध्यंतरात तावीज विकले असतील, कुणाचा आजार बरा करतो म्हणाला असेल, तर मला परत लिहा; मी स्वतः तुमच्याबरोबर येईन. गणपतीत विज्ञानाचा कार्यक्रम करायचा तुमचा हट्टच असेल तर समितीच्या कार्यकर्त्यांना बोलवा. अर्धा तास त्यांना द्या, माईकसकट.

लेकीचं सगळ्यात सोपं आहे आणि तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे. तिला ‘सॉरी’ म्हणा. टेबल जाड नसल्याबद्दल नाही. चारशे लोकांत तिचा बाप उभा राहून ओरडला, त्याबद्दल. (‘जरा मोठ्याने’ असं तुम्ही लिहिलंय. पुढची रांग वळून बघते म्हणजे जरा नसतं.) मग तिला तलावपाळीला घेऊन जा, भेळ घ्या, कठड्यावर बसा आणि विचारा, “तुला काय वाटतं, कसं केलं असेल?” आणि गप्प बसा. तुम्ही चौघं मोठी माणसं एकमेकांना खोडून काढण्यात महिनाभर गुंतला आहात. तिला कोणी विचारल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. दहा वर्षांच्या मुलीला पुढच्या माणसाच्या डोक्याआडून, खालच्या कोनातून बघावं लागतं. मामा मोठ्यांना कधी घाबरला नाही, पहिल्या रांगेत पोरं मांडी घालून बसली की मात्र त्याला धडकी भरायची.

– तुमची ताई

ता.क. साडूंच्या मुलाला दोर कापून पुन्हा जोडायचा आयटम शिकवायला मी तयार आहे. त्यात बोथट कात्री लागते आणि मामाची शपथ मोडत नाही. रविवारी सकाळी पाठवा, लेकीलाही पाठवा. सोडायला तुम्ही आलात तरी हरकत नाही, पण शिकवणी संपेपर्यंत खालीच थांबा.